ज्ञानमांडणीतील मध्यस्तर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

नियमांच्या आधारे यंत्राकडून तर्क करवून घ्यावयाचा, तर जगात कोणत्या प्रकारच्या वस्तू व घटना असतात आणि त्यांचे परस्परसंबंध काय, हे त्यास आधी सांगावे लागते. अशा सुसूत्र संकल्पनामांडणीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात. तिच्या मध्यस्तराची जडणघडण पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अमेरिकेतील ऑस्टिन येथे १९८४ मध्ये डग्लस लेनाट यांनी 'सायक' प्रकल्प आरंभिला. माणसाचे व्यवहारज्ञान हाताने लिहून यंत्रास पुरवावे, हा त्यामागील विचार होता. पुढे २००१ मध्ये इयान नाइल्स व ॲडम पीज यांनी 'सुमो' ही उच्चस्तरीय मांडणी सादर केली. 'वस्तू', 'प्रक्रिया' अशा अतिव्यापक संकल्पना हा तिचा पाया होय. परंतु एवढ्यावर रुग्णालयाचे वा बँकेचे काम भागत नाही. आणि प्रत्येक क्षेत्राने आपली परिभाषा स्वतंत्रपणे रचल्यास एकाची माहिती दुसऱ्यास उमगत नाही. ही दरी सांधण्यासाठी 'मायलो' ही मध्यस्तरीय मांडणी तयार झाली.

येथे निवडीचा प्रश्न उभा राहतो. 'वर्डनेट' या इंग्रजी कोशातील जे अर्थ 'सेमकॉर' या संग्रहात वारंवार आढळले, ते मायलोसाठी आधारभूत मानले गेले. सेमकॉर मुख्यतः 'ब्राऊन' संग्रहातून घेतलेला असून, त्या संग्रहात १९६१ साली अमेरिकेत छापलेला सुमारे १० लाख शब्दांचा मजकूर आहे. म्हणजेच 'सर्वसाधारण' काय, हे ठरविण्याचे माप एका देशाच्या एका वर्षातील छापील इंग्रजीतून आले.

या मापाची मर्यादा भारतीय भाषांत स्पष्ट होते. काका आणि मामा ही मराठीत दोन भिन्न नाती. इंग्रजीत दोघांनाही 'अंकल' हा एकच शब्द. त्यामुळे हिंदी व इंग्रजी वर्डनेट जोडताना अशा शब्दांना थेट समानार्थी न मानता इंग्रजीतील व्यापक संकल्पनेखाली जोडावे लागले.

२०१० पासून बफेलो येथे 'कॉमन कोअर ऑन्टॉलॉजीज' हा मध्यस्तरीय संच विकसित झाला. त्याचा पाया असलेली 'बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी' २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात समाविष्ट झाली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण व गुप्तवार्ता यंत्रणांनी या दोहोंस आधारभूत मानक म्हणून स्वीकारले.

सारांश, उच्चस्तरावर तत्त्वचर्चा होते, क्षेत्रस्तरावर तज्ज्ञांचा शब्द चालतो; मध्यस्तरावर मात्र समाजाचे रोजचे शब्द येतात. ते कोणाच्या भाषेतून निवडले, यावर यंत्रास कोणते भेद दिसतील हे अवलंबून राहते. म्हणून मध्यस्तराच्या रचनेत संगणकतज्ज्ञांइतकाच भाषाभ्यासकांचाही सहभाग आवश्यक ठरतो.