जायकवाडी पक्षी अभयारण्य

जायकवाडी पक्षी अभयारण्य : गोदावरी नदीवरील नाथसागर या जलाशयाचे व त्याच्या काठाचे संरक्षित क्षेत्र. स्थापना १९८६; क्षेत्रफळ सु. ३४१ चौ.किमी. धरण छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात पैठण येथे असून, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासे व शेवगाव या तालुक्यांतील गोदाकाठ अभयारण्याच्या हद्दीत मोडतो.

समुद्राचे सान्निध्य नसलेल्या, पर्जन्यछायेत वसलेल्या व दुष्काळाशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजत आलेल्या या भागाला, खाडीच्या मुखाशी आढळावी तशी विस्तीर्ण चिखलवट आणि तीवर उतरणारे पाणपक्ष्यांचे थवे लाभले, ते पाटबंधाऱ्याच्या एका योजनेमुळे. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये पायाभरणी झालेल्या व १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झालेल्या या सु. १० किमी. लांबीच्या मातीच्या धरणामागील प्रदेश सपाट असल्याने पाणी दूरवर पसरून त्याचा काठ उथळ राहिला. त्याखाली शंभराच्या आसपास गावांची काळी, कसदार जमीन गेली. तेव्हा पक्ष्यांच्या या आश्रयस्थानाची किंमत विस्थापित कुटुंबांनी आपल्या घरादारांनिशी मोजली आहे, हे त्याच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

पावसाळ्याअखेर जलाशय भरला, की फुगवटा प्रवरासंगमापर्यंत पोहोचतो. पुढे कालव्यांवाटे मराठवाड्याच्या शेतीला पाणी सुटू लागले, म्हणजे काठ मागे सरत जाऊन गाळाची भूमी उघडी पडते. पक्षिजीवनाचे सारे वैभव या सरकत्या काठावर अवलंबून आहे. येथे नोंदलेल्या सु. २०० जातींपैकी थापट्या व तलवार बदक उथळ पाण्यातील वनस्पती व सूक्ष्म जीव टिपतात, शेकाट्या व तुतवार ओल्या चिखलात चोच खुपसतात, तर हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब काठचे गवत व कोवळी पिके चरतो. कच्छच्या रणात वीण करणारा रोहितही, चोच उलटी धरून पाणी गाळीत, याच उथळीत वावरतो. उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. त्यामुळे शेतकरी, मच्छीमार व पक्षी यांचा हक्क एकाच पट्ट्यावर येऊन ठेपतो.

अभ्यागताने नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सूर्योदयासमयी यावे, दुर्बीण बाळगावी आणि थव्यांच्या मागे न लागता काठावर एका जागी स्थिर बसावे; कारण दूरच्या प्रवासाने थकलेल्या पक्ष्याला वारंवार उडविणे म्हणजे त्याचे संचित बल हिरावून घेणे होय. अठराव्या शतकातील सिद्धेश्वर मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले टोके हे प्रवरासंगमाचे ठिकाण याच काठावर आहे. आधी गोदावरीच्याच वरच्या अंगास, निफाड तालुक्यात असलेले नांदूर मध्यमेश्वर पाहावे. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता पावलेल्या त्या अभयारण्यातील चापडगावच्या निसर्ग माहिती केंद्रात पाणथळीची ओळख करून घेतली, म्हणजे नाथसागराचा विस्तार अधिक डोळसपणे पाहता येतो.

वन्यजीव वन खात्याच्या अखत्यारीत व पाणी पाटबंधारे खात्याच्या, अशी येथील व्यवस्था आहे. वरच्या धरणांतून किती पाणी सुटावे यावरून नाशिक, अहिल्यानगर व मराठवाडा यांच्यात चालणाऱ्या वादात माणसांची तहान व शेती यांचा विचार होतो, आणि तो व्हायलाच हवा. परंतु ज्या पातळीवर हिवाळ्यातील काठ ठरतो ती पातळी पक्ष्यांसाठीही निर्णायक असल्याने, पाणीवाटपाच्या हिशेबात त्यांचा वाटा नोंदविल्यावाचून या अभयारण्याचे संरक्षण पूर्ण होऊ शकत नाही.