सुट्या भागांचा इतिहास आणि आपला खिसा

पहिला गेमिंग संगणक स्वतः जुळवायचा ठरले की मुले आधी यादी काढतात: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. मग बेरीज होते, आणि ती बजेटच्या बाहेर जाते. तिथून घरात दोन वाटा दिसू लागतात. एक म्हणजे हप्त्यांवर तयार संगणक घेणे, दुसरी म्हणजे यादीतले काहीतरी कमी करणे. काय कमी करावे हे समजण्यासाठी मुळात अशी यादी करता येते ती कशामुळे, हा इतिहास पाहणे उपयोगी आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या तुकडीला तो लवकर बाजारात आणायचा होता. सगळे भाग स्वतः घडवायला वेळ नव्हता, म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची घेतली, आणि मशीनची तांत्रिक माहिती छापून विकायला ठेवली. आत जादा कार्डे बसवण्यासाठी पाच खाचा होत्या. आयबीएमचे खास म्हणावे असे बायोस तेवढे उरले. कॉम्पॅकने नक्कल न करता, तेच काम करणारे स्वतःचे बायोस लिहिले आणि १९८२ च्या अखेरीस आयबीएमशी जुळणारा संगणक जाहीर केला. पुढे फिनिक्ससारख्या कंपन्या असे बायोस कोणालाही विकू लागल्या आणि जुळणाऱ्या संगणकांचा पूर आला.

१९८७ मध्ये आयबीएमने हे दार लोटून पाहिले. पीएस/२ या नव्या मालिकेत कार्डांची खाच बदलली आणि ती वापरायची तर परवाना घ्या, अशी अट आली. कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी पुढच्याच वर्षी स्वतःचा वेगळा मार्ग जाहीर केला. आयबीएमची ती खाच रुजली नाही. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा आराखडा आणला. आजही एका कंपनीचे कॅबिनेट, दुसरीचा मदरबोर्ड आणि तिसरीचा एसएमपीएस एकमेकांत बसतात, त्यामागे हाच आराखडा आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत भाग विकत घेऊन संगणक जुळवणे शक्य झाले ते या मोकळेपणामुळे.

या मोकळ्या बाजारात कमी पैशांवाल्याला नेमके कुठे साधले, याचे तीन प्रसंग सांगण्यासारखे आहेत.

पहिला १९९६ चा. थ्रीडीएफएक्सचे व्हूडू कार्ड आले. त्याला साधा स्क्रीन दाखवता येत नसे. जुने कार्ड तसेच ठेवून दोन्ही एका केबलने जोडावी लागत. पण त्याच जुन्या संगणकावर ‘क्वेक’सारखा खेळ वेगळाच दिसू लागे. खेळासाठी अख्खे मशीन बदलावे लागत नाही, चित्र काढणारा भाग आधी पाहावा, हे त्या कार्डाने शिकवले.

दुसरा ऑगस्ट १९९८ चा. इंटेलने ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू ६६९ डॉलरला आणि ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए १४९ डॉलरला आणला. सेलेरॉनचा वेग ६६ च्या बसला साडेचारने गुणून ठरत होता. लोकांनी मदरबोर्डवर बस १०० केली आणि अनेक चिप ४५० ला निमूट चालल्या. कॅश मेमरी कमी होती, पण ती प्रोसेसरच्याच वेगाने धावे. महागाचे काम स्वस्तात झाले. मात्र त्यासाठी मदरबोर्ड चांगला लागे. तिथे पैसे वाचवणाऱ्याला ही करामत साधत नसे.

तिसरा अलीकडचा, फेब्रुवारी २०१८ चा. क्रिप्टो चलनाच्या खाणकामामुळे ग्राफिक्स कार्डांचे भाव चढले होते. त्याच वेळी एएमडीने रायझन ३ २२००जी हा ९९ डॉलरचा प्रोसेसर आणला. ग्राफिक्स त्याच्या आतच होते. हलके खेळ लगेच सुरू होत आणि कार्ड भाव उतरल्यावर घेता येई. त्याचे एएम४ सॉकेट पुढेही काही पिढ्या टिकले, त्यामुळे मदरबोर्डने साथ दिली तर तोच ठेवून नंतर वरचा प्रोसेसर बसवता आला.

तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे: हा संगणक तुकड्यातुकड्याने घेता येतो. रिबापासून दूर राहू पाहणाऱ्या आपल्या घरांना याचे मोल वेगळे सांगायला नको. ईदी, सुट्टीतल्या कामाचे पैसे, भिशीचा नंबर, जसे हाती येईल तसा एकेक भाग रोखीने घेता येतो. व्याजाची फिकीर न करणाऱ्यालाही, खेळण्याच्या वस्तूसाठी डोक्यावर कर्ज नको, हे पटावे.

तेव्हा यादी अशी लावावी. मदरबोर्डचे सॉकेट पुढे प्रोसेसर बदलता येईल असे असावे. एसएमपीएस नावाजलेला घ्यावा, कारण तो बिघडला तर इतर भागही जळू शकतात. सुरुवातीला आतले ग्राफिक्स असलेला प्रोसेसर पुरतो. रॅमची एक खाच पुढच्यासाठी मोकळी राहिली तर चालते. ग्राफिक्स कार्ड शेवटी, पैसे साठल्यावर घ्यावे. रंगीत दिवे आणि काचेचे कॅबिनेट यांना खेळात काही काम नाही. त्या खर्चाला आपल्याकडे इसराफ म्हणतात, आणि यादीतून पहिली काट त्यांच्यावरच मारावी.