अमरकोशांतील गुणवृक्षक व कोंकणी होडीचें शीड

अमरकोशाच्या वारिवर्गांत नौकेचीं अंगें सांगितलीं आहेत: कूपक अथवा गुणवृक्षक म्हणजे डोलकाठी, क्षेपणी म्हणजे वल्हें, अरित्र म्हणजे सुकाणूं. पाणी उपसण्याच्या भांड्यासही तेथें शब्द आहे. शिडास मात्र नाहीं. गुण म्हणजे दोर. परंतु तो तीरावरून नाव ओढण्याचाही असूं शकेल, म्हणून केवळ ह्या नांवावरून शीड सिद्ध होत नाहीं. तथापि प्राचीनांस तें अज्ञात होतें हें अनुमानही अयुक्तच. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांतील जहाजावर तीन डोलकाठ्या व उंच, अरुंद शिडें चित्रित आहेत.

तशीं शिडें कोंकणांतील उलांडीच्या होडीस चालणार नाहींत. होडी अरुंद, शीड जितकें उंच तितका वाऱ्याचा दाब वर लागून ती कलंडते. तेव्हां डोलकाठी आंखूड, परबाण तिरपें व शीड खालीं पसरलेलें हवें. उलांडी एकाच बाजूस असते. ती वाऱ्याकडे आली तर वजनानें तोल धरते. पलीकडे गेली तर तरंगून आधार देते. हें पाहूनच शीड किती ताणावें तें ठरतें.

जेम्स हॉर्नेल ह्यांनीं १९२० सालीं हिंदी नौकांच्या घडणीवर प्रबंध प्रसिद्ध केला. आमच्या संग्राहकांनीं आतां जुन्या रुमालांबरोबर वृद्ध तांडेलांचे शब्दही उतरून घ्यावे, अशी आमची विनंती आहे. यंत्रांच्या नौकांनीं शीड उतरविलें. कोशकारानें न नोंदलेला शब्द तांडेलाबरोबरच जाईल.