मूल उशिरा बोलते तेव्हा : नरोलीतील आई-बाबा आणि आजी-आजोबांसाठी

दोन वर्षांचे मूल अजून बोलत नाही, ही काळजी आपल्या मंडळातील घरांतून नेहमी ऐकू येते. हळदीकुंकवाला किंवा गणपतीच्या आरतीनंतर कोणीतरी बाजूला घेऊन विचारते, "तुमचा नातूही उशिरा बोलला ना? तुम्ही काय केलंत?" आम्ही केले त्यातले निम्मे चुकीचे होते, म्हणून सगळी माहिती एका ठिकाणी लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही, आयुष्य बँकेत गेले. तपासणीचे काम तज्ज्ञांचेच आहे. त्यांच्याकडे वेळेवर जावे, एवढ्यासाठी हा लेख.

नातू दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याचे शब्द चार होते. सूनबाईला शंका आली होती. आम्हीच तिला म्हणालो, "याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, घाई कशाला?" त्यात सात महिने गेले. शेवटी अंगणवाडीच्या ताईंनी विचारले, "याचे कान तपासलेत का?" आम्हाला हसू आले. कुकरची शिट्टी झाली की हा स्वयंपाकघराकडे धावत असे, त्याला ऐकू येत नसेल कसे? तपासणीत दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलेले निघाले.

लहान मुलांत हा त्रास बराच आढळतो. सर्दी वारंवार होते, कान दुखतोच असे नाही, आणि ऐकू येणे 20 ते 40 डेसिबलपर्यंत कमी होऊ शकते. कानात कापूस घालून बसल्यासारखे समजा. शिट्टी, ट्रकचा हॉर्न, पडलेले ताट ऐकू येते, पण 'स', 'त', 'क' यांसारखे बारीक आवाज हरवतात. जे नीट ऐकूच आले नाही ते मूल बोलणार कसे? म्हणूनच घरी मागून थाळी वाजवून केलेल्या परीक्षेवर विसंबू नये. डॉक्टरांनी काही आठवडे वाट पाहिली, पाणी ओसरले नाही तेव्हा छोट्या शस्त्रक्रियेने पडद्यात बारीक नळ्या बसवल्या. पुढे वर्षभर स्पीच थेरपी चालली. आज तो आम्हाला बोलू देत नाही.

सगळ्यांचे कारण कानच असते असे नाही. कधी मूल नुसतेच उशिरा बोलते, कधी एकूण वाढच मंद असते, कधी ऑटिझम असतो. बरीच उशिरा बोलणारी मुले पुढे इतरांना गाठतात, हेही खरे. मात्र कोणते गाठेल आणि कोणते मागे राहील, हे घरात बसून सांगता येत नाही. बँकेत कर्जखाते 90 दिवस थकले की एनपीए होते, पण चांगला शाखाधिकारी पहिला हप्ता चुकल्यावरच फोन करतो. इथेही तसेच करावे.

कोणत्या वयात काय अपेक्षित

नऊ-दहा महिन्यांचे मूल 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड करते. वर्षाच्या आसपास नावाने हाक मारल्यावर वळते, टाटा करते, एखादा शब्द अर्थाने वापरते. दीड वर्षापर्यंत मोजके शब्द येतात. दोन वर्षांच्या सुमारास पन्नासेक शब्द होतात आणि 'दूदू दे', 'बाबा गेले' अशी दोन शब्दांची जोडी जमू लागते. तीन वर्षांच्या मुलाचे बरेचसे बोलणे परक्या माणसालाही कळते.

शब्द मोजताना 'भूभू', 'काऊ', 'मम्मं' हेही धरावेत. उच्चार बोबडा असला तरी चालेल, दर वेळी त्याच वस्तूसाठी वापरला म्हणजे तो शब्दच.

पुढील गोष्टी दिसल्या तर थांबू नये. वर्षाचे मूल बडबड करत नाही, बोट दाखवत नाही की हातवारे करत नाही. सोळा महिन्यांनंतरही एकही शब्द नाही. दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही. हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही. आणि आलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. मुलगे मुलींपेक्षा सरासरीने थोडे उशिरा बोलतात, पण हा फरक थोडासाच असतो. 'मुलगा आहे, बोलेल' म्हणून वर्ष काढण्याइतका नाही.

भाषा फार झाल्या म्हणून?

नरोलीत हा प्रश्न हमखास निघतो. घरात मराठी, बाजारात गुजराती, कारखान्यात आणि सोसायटीत हिंदी, कामाला येणाऱ्या मावशींची वारली. पोर गोंधळेल म्हणून आम्हीही दोन महिने मराठी बंद करून घरात मोडकी हिंदी बोललो. आजीची हिंदी ऐकून नातू आणखीच गप्प झाला असावा! थेरपिस्टनी स्पष्ट सांगितले की अनेक भाषा कानावर पडल्याने वाचादोष होत नाही. दोन-तीन भाषांतील शब्द एकत्र मोजायचे. 'पाणी' मराठीत आणि 'बिलाडी' गुजरातीत म्हटले, तर दोन शब्द झाले. ज्या भाषेत तुमच्या तोंडून सहज प्रेमाने बोलणे येते, तीच घरात ठेवा.

वेखंड उगाळून जिभेवर लावणे, शंखातले पाणी पाजणे, जीभ जड आहे म्हणून ती कापून घेण्याची घाई करणे, हे सगळे आम्हाला सुचवले गेले. वेखंड तर आम्ही लावलाही. त्याने ऐकू येणे सुधारत नाही, आणि तान्ह्या मुलाला अशा गोष्टी डॉक्टरांना न विचारता देणे धोक्याचे आहे. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवूच नये. जीभ खाली चिकटलेली असेल तर दूध ओढण्यात किंवा काही उच्चारांत अडचण येऊ शकते, पण मूल शब्दच बोलत नाही याचे कारण बहुधा ते नसते.

कुठे जावे

सुरुवात अंगणवाडीपासून करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या पालघरहून सुरू झाला. त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि ऐकण्यातील दोष, भाषेतील विलंब व ऑटिझम या तिन्हींचा समावेश आहे. अंगणवाडीतील मुलांची तपासणी वर्षातून दोनदा व्हायची असते. आपल्या अंगणवाडीत पथक कधी येते ते विचारून ठेवा. सिल्वासाच्या श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बालरोग आणि कान-नाक-घसा हे दोन्ही विभाग दाखवावेत.

पुढची तपासणी लागली तर मुंबईत वांद्रे पश्चिमेला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वाचा आणि श्रवण या विषयांची ही केंद्र सरकारी संस्था 1983 साली स्थापन झाली. वापीहून सकाळची गाडी धरली तर एका दिवसात जाऊन येता येते, मात्र वेळ आधी घेऊन ठेवावी. वाढीच्या एकूण प्रश्नांसाठी मुंबईत 2001 पासून 'उम्मीद' ही संस्था काम करते.

कानाच्या तपासण्यांना घाबरू नये. एकीत कानात लहानशी नळी ठेवतात, काही मिनिटांत काम होते. 'बेरा' या तपासणीत मूल झोपलेले असताना डोक्याला वायरी चिकटवून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते पाहतात. कशानेच दुखत नाही. खासगी थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. आम्ही आयुष्यभर लोकांचे केवायसी मागितले, इथे तर प्रश्न नातवाचा होता.

घरात करण्यासारखे

आमच्या घरात नातवाने नुसते बोट केले की आजी बिस्कीट हातात ठेवत असे. त्याला बोलायची गरजच उरली नव्हती. थेरपिस्टनी आम्हा दोघांना शिकवले ते इतकेच : वस्तू हातात धरून क्षणभर थांबा, तिचे नाव घ्या, त्याच्याकडे पाहा, मग द्या. तो 'भूभू' म्हणाला तर 'हो, भूभू पळाला' असे वाक्य पुढे न्या. 'म्हण, म्हण' असा तगादा लावू नका. अंघोळ, भाजी निवडणे, देवपूजा, चालेल त्या कामात बोलत राहा. मोबाईलबद्दल बालरोगतज्ज्ञांचा सल्ला दोन वर्षांपर्यंत अजिबात नको असा आहे. आजीआजोबांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो.

डॉक्टरांकडे जाताना लसीकरणाचे कार्ड, आधीचे कागद आणि घरात मूल बोलत-खेळत असतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या, कारण दवाखान्यात मुले तोंड उघडत नाहीत. एक वही घालून त्यात येणारे शब्द तारखेसह लिहा. आमच्या वहीचे पहिले पान चार ओळींचे आहे. पाचवा शब्द नळ्या बसवल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आला, 'पाऊस', आणि तो आमच्या सूनबाईने लिहिला आहे.