बेंजोचं फाटकं पुस्तक

आपल्या सोलापुरात गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बेंजो अमेरिकेतला नाही बरं का. जपानमध्ये १९१२ साली गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ‘ताइशोगोतो’ बनवलं. आपला बेंजो, म्हणजे बुलबुल तरंग, त्याचाच भारतीय अवतार.

काकांकडे बेंजो शिकायचं जुनं पातळ पुस्तक आहे. गाण्याच्या ओळींखाली बटणांचे नुसते आकडे. मी ते मोबाईलवर स्कॅन केलं, तर कुठला आकडा कुठल्या स्वराचा हे सांगणारं पहिलं पानच गायब! डेटा आहे, की-मॅप नाही. मग काकांना पाठ असलेलं एक गाणं घेतलं, आकडा-आकडा जुळवत तक्ता परत लिहिला.

स्कॅन ‘स्वच्छ’ करणारा फिल्टर मात्र बंद ठेवला. छपाईतल्या चुका काकांनी पेन्सिलीनं दुरुस्त केल्यात, त्या पुसल्या जात होत्या.