साताऱ्याचा 'र' आणि अक्षरांची डागडुजी

सातारा जिल्ह्यातल्या वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली आकाराला आलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. मराठी छपाई म्हणजे तेव्हा शिशाचे खिळे आणि ते ओळीत बसवणारे जुळारी. आज त्या विश्वकोशातल्या नोंदी कऱ्हाडच्या किंवा मिरजेच्या विद्यार्थ्याला फोनवर वाचता येतात आणि फोन बदलला तरी वाचता येतात. यातल्या दुसऱ्या गोष्टीचे श्रेय आपण कोणालाच देत नाही. संगणक आला, मराठी त्यावर बसली आणि विषय संपला, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. विंडोज असो वा लिनक्स, नवी आवृत्ती आली की मराठीची घडी पुन्हा तपासावी लागली. ही तपासणी जिथे उघड्यावर, कोणालाही हात घालता येईल अशा रीतीने झाली, तिथे अक्षरे अधिक भरवशाने टिकली.

आधीच्या काळाचा अनुभव याला पुरावा आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक झाली, पण डीटीपीच्या धंद्याने वेगळा रस्ता धरला. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे चढवायचे आणि प्रत्येक कंपनीने ते आपापल्या क्रमाने चढवायचे. कागदावर छापून झाले की काम फत्ते. पण फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली आणि तिथे तो फाँट नसला, की एखाद्या वार्षिक अहवालाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. मजकूर मराठीत साठवलेलाच नव्हता, साठवले होते ते मराठीचे चित्र. यावर कोणी म्हणेल की श्रीलिपी, आकृती यांसारखी विकाऊ उत्पादने नसती तर तालुक्याच्या गावी मराठी डीटीपी पोचलेच नसते. हे मान्य करायलाच हवे. उघड्यावर काम करणारे मुक्त प्रणालीवाले तेव्हा या मैदानात नव्हते. पण पोचवणे वेगळे आणि टिकवणे वेगळे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सर्वसामान्यांच्या घरात युनिकोड या सामाईक संकेतातली मराठी आणली ती विंडोज २००० ने आणि त्यातल्या 'मंगल' फाँटने. हा फाँट र. कृ. जोशी यांच्यासारख्या जाणत्या सुलेखनकाराच्या हातचा, पण खाजगी मालकीचा. मग उघडेपणाचे कौतुक कशाला? उत्तर असे की मंगलच्या खालचा युनिकोड हा कोणा एकाचा नव्हता. मंगलमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर, दुसऱ्या फाँटमध्ये उघडू शकला, तो या सामाईक संकेतामुळे.

संकेत एक झाला म्हणून काम संपले मात्र नाही, आणि त्याची साक्ष खुद्द सातारा देतो. 'सातारा' लिहायला सोपे. विभक्ती लागून 'साताऱ्याला' झाले की डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र लागतो. 'कऱ्हाड'मध्ये तो नावातच आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगर यांच्याएवढे अंतर. हिंदीला हा र लागत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या प्रणालीत तो हमखास बिघडे. शिवाय युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे टंकता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण साधा शोध घेतला तर एकाला दुसरा सापडत नाही. ल आणि श यांची मराठी वळणेही वेगळी. पुण्यातल्या रेड हॅट या कंपनीच्या मंडळींनी सांभाळलेल्या 'लोहित' फाँटकुळात मराठीसाठी आधी स्वतंत्र फाँट होता. पुढे तो 'लोहित देवनागरी'त विलीन झाला आणि भाषा मराठी आहे असे सांगितले की मराठी वळण निघेल, अशी सोय झाली. विंडोज व्हिस्टाच्या सुमारास मायक्रोसॉफ्टने जोडाक्षरे जुळवण्याचे नियमच बदलले. जुने फाँट जुन्या क्रमाने चालत, नवे नव्या. बेहदाद एस्फाहबोद यांनी नव्याने लिहिलेल्या 'हार्फबझ' या मुक्त प्रणालीने दोन्ही नियम सांभाळले. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस तिच्यावर चालतात. जुळाऱ्याचे काम आता ती करते, फरक इतकाच की जुन्या आणि नव्या दोन्ही खिळ्यांचा जुळारी एकच.

मुक्त प्रकल्पही मरतात, हे खरे. हौशी माणूस थकतो, नोकरीला लागतो, काम पडून राहते. लोहितही पगारी माणसांनी सांभाळला. फुकट श्रमावर अक्षरे जगतात असे मानणे भाबडेपणाचे होईल. पण बंद कंपनीचे दार लागले की आतले सगळे अडकते. मुक्त प्रकल्प थंडावला तरी त्याचा मूळ पाठ मागे राहतो आणि दुसरा कोणी तो उचलतो. आकृतीच्या कर्त्यांनी २००३ साली आपले काही भारतीय फाँट मुक्त परवान्याखाली खुले केले, ते एका अर्थी याच न्यायाने.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. अशा गटांनी दर नव्या आवृत्तीवर 'साताऱ्याला', 'कऱ्हाड' आणि 'दऱ्या' एवढे तीन शब्द टंकून पाहावेत, आणि एकही बिघडला तर ती तक्रार त्या प्रकल्पाच्या नोंदवहीत लिहावी.