विजयदुर्गच्या जळालेल्या आरमाराच्या प्रतिकृती : एका सामूहिक योजनेचा पूर्वविचार

जहाजांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती करणाऱ्यांमध्ये सामूहिक निर्मितीची एक प्रथा रूढ आहे. अनेक कारागीर मिळून एक विषय ठरवितात, एकच प्रमाण स्वीकारतात, आणि प्रत्येकजण आपल्या वाट्याचे एकेक जहाज पूर्ण करून ते समूहात मांडतो. या प्रथेस व्यापारी क्षेत्रातही एक मोठे उदाहरण लाभले आहे. जपानमधील शिझुओका येथील चार कंपन्यांनी १९७१ साली जपानी आरमारातील जहाजे आपसांत वाटून घेतली आणि १:७०० या एकाच प्रमाणात त्यांच्या प्रतिकृती बाजारात आणण्यास आरंभ केला. त्या मालिकेतील बहुसंख्य जहाजे दुसऱ्या महायुद्धात बुडालेली होती. ‘युद्धात गमावलेली जहाजे’ हा विषय कारागिरांना प्रिय का असावा, हे त्यावरून सहज ध्यानी येते. जे जहाज आज कोठेही पाहता येत नाही, त्याची आकृती पुन्हा उभी करण्यात एक वेगळे आकर्षण असते.

असा विषय महाराष्ट्राच्या इतिहासातून निवडावयाचा झाल्यास पहिले नाव सुचते ते फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात जळालेल्या तुळाजी आंगऱ्याच्या आरमाराचे. या आरमाराच्या प्रतिकृती अनेक हातांनी करावयाच्या म्हटल्यास लाकूड कोणते वापरावे, शिडांस कापड कोणते घ्यावे, हे प्रश्न पुढचे होत. त्यांच्या आधी इतिहासाच्या अभ्यासकाने काही गोष्टींचा निर्णय करून देणे अवश्य आहे. किंबहुना तो निर्णय झाल्यावाचून कारागिराने करवतीस हात घालू नये, असेच म्हणावे लागते.

पहिला प्रश्न विषयमर्यादेचा. ‘युद्धात गमावलेले’ या शब्दांची व्याप्ती वाटते तितकी उघड नाही. जपानचे ‘मुत्सु’ हे युद्धजहाज १९४३ साली नांगरलेल्या स्थितीत स्वतःच्याच दारूगोळ्याच्या स्फोटाने बुडाले; ते युद्धकाळात गेले, परंतु युद्धात गेले असे म्हणता येत नाही. उलट अमेरिकेचे ‘ॲरिझोना’ १९४१ साली पर्ल हार्बर येथे धक्क्याशी असतानाच बुडाले, तरी त्यास लढाईत गमावलेले म्हणण्यास कोणाचीही हरकत नसते. भारतीय नौदलाच्या ‘खुकरी’विषयी तर शंकेस जागाच नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवनजीकच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने तिचा वेध घेतला आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक कामी आले. तिची प्रतिकृती आज दीव येथील स्मारकात आहे. ‘खुकरी’ची बांधणी इंग्लंडमध्ये झाली होती, तिच्या जातीची ‘किरपाण’ आणि ‘कुठार’ ही भावंडे तिच्या पश्चात तरंगत राहिली. सबब तिचे रूप ठरविताना कारागिरास अंदाजाचा आधार घ्यावा लागत नाही.

विजयदुर्गची गोष्ट या कोणत्याच कोष्टकात सरळ बसत नाही. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने किल्ल्यावर व बंदरावर तोफांचा भडिमार आरंभिला. आंगऱ्याची जहाजे किल्ल्याच्या आश्रयाने एकमेकांस लागून उभी होती. त्यांपैकी ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर एक गोळा पडून आग लागली, ती शेजारच्या जहाजांवर पसरली आणि सारे आरमार भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. समोरासमोर सागरी झुंज अशी झालीच नाही. तथापि शत्रूच्या माऱ्याने लढाईच्या ऐन वेळी झालेला हा नाश युद्धहानीत गणावा, यात वाद नसावा. वाद आहे तो निराळा. हे आरमार कोणाचे म्हणावयाचे? पेशव्यांनी १७५५ साली इंग्रजांशी करार केला होता, त्याच वर्षी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला होता, आणि विजयदुर्गाच्या प्रसंगी पेशव्यांची फौज खुष्कीच्या बाजूने आंगऱ्याविरुद्धच उभी होती. प्रतिकृतींच्या पुढे ‘मराठ्यांच्या आरमाराची हानी’ अशी पाटी लावली, तर मराठ्यांचेच छत्रपती ज्यांच्या नावे राज्य चालवीत, त्यांचा प्रधान विजयी पक्षात होता ही वस्तुस्थिती झाकली जाते. ‘आंगऱ्यांचे आरमार’ एवढेच लिहिणे अधिक प्रामाणिक होय. मराठ्यांच्या सागरी सामर्थ्यास या घटनेने धक्का बसला हे पुढील इतिहासावरून दिसते. परंतु तो निष्कर्ष आहे, आणि निष्कर्ष पाटीवर कोरून ठेवणे बरे नव्हे.

दुसरा आणि अधिक बिकट प्रश्न साधनांचा. अठराव्या शतकातील ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे बांधणी-आराखडे ग्रिनिच येथील संग्रहालयात हजारोंच्या संख्येने जपलेले आहेत. कोकणातील जहाजे मात्र आराखडा काढून बांधली जात नसत. सुताराची नजर, हाताचे माप आणि घराण्यात चालत आलेली प्रमाणे हाच त्यांचा आराखडा होता. विजयदुर्गापासून जवळच वाघोटणच्या खाडीत खडक खोदून केलेली, सुमारे १०९ मीटर लांब व ७० मीटर रुंद अशी गोदी आजही दिसते. परंतु गोदीवरून जहाजाचा आकार काढणे म्हणजे गोठ्यावरून बैलाचे वर्णन करण्यासारखे आहे. इंग्लंडच्या ‘मेरी रोझ’चा सांगाडाच १९८२ साली समुद्रतळातून वर काढण्यात आला, तसा येथे काढण्यात आलेला नाही. परिणामी जिंकणाऱ्याची जहाजे फळी-फळी मोजून करता येतात आणि हरणाऱ्याची जहाजे जिंकणाऱ्याच्या वर्णनावरून करावी लागतात. डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ साली आणि बी. के. आपटे यांनी १९७३ साली मराठ्यांच्या आरमारावर जे लिहिले, त्यातही जहाजांच्या बांधणीचा भाग पुष्कळ अंशी या परकीय वर्णनांवरच उभा आहे.

या वर्णनांत सर्वांत तपशीलवार वर्णन रॉबर्ट ऑर्म याचे. त्याच्या इतिहासग्रंथाचा पहिला खंड १७६३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गुराबांस बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोनांची १५० टनांहून अधिक नसे. गुराबेस पाणी थोडे लागे. लांबीच्या मानाने ती फार रुंद असे, मात्र मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाई. पुढील बाजूस भूमध्य समुद्रातील वल्हेवाल्या युद्धनौकेसारखी लांब नाळ पुढे आलेली असे. या नाळेवरील तूतक मुख्य तूतकाशी समपातळीत, परंतु बाजूंनी उघडे ठेवलेले असे; कारण समोरून लाटा आल्या की गुराब जोराने डुबकी घेई आणि वर आलेले पाणी अडथळ्यावाचून वाहून जाणे जरूर असे. नाळेवरून मारा करण्यासाठी नऊ वा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा पुढे रोखलेल्या असत, आणि बाजूंच्या तोफा सहा ते नऊ पौंडी असत.

वर्णन असे नेमके असूनही त्यात लांबीरुंदीचा एकही आकडा नाही. टनांवरून मापे काढण्याचा यत्न करता येतो. त्या काळी इंग्रजांत रूढ असलेल्या रीतीने जहाजाच्या तळच्या कण्याची, म्हणजे कोकणी कारागीर ज्यास ‘पठाण’ म्हणतात त्याची, लांबी, जहाजाची रुंदी आणि रुंदीचा निम्मा भाग यांचा गुणाकार करून त्यास ९४ ने भागीत. आता ‘फार रुंद’ म्हणजे किती? पठाण रुंदीच्या अडीचपट धरला, तर ३०० टनांच्या गुराबेची रुंदी सुमारे २८ फूट व पठाण ७१ फूट येतो. साडेतीनपट धरला, तर रुंदी २५ फूट व पठाण ८८ फूट. दोन्ही मापे ऑर्मच्या शब्दांत बसतात, आणि दोहोंत सतरा-अठरा फुटांचे अंतर आहे.

येथे प्रमाणाची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. १:७०० हे प्रमाण घेतले, तर हे अंतर अवघे आठ मिलिमीटर भरते आणि पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ‘यामातो’सारख्या २६३ मीटर लांबीच्या जहाजास ते प्रमाण शोभते, गुराबेच्या बाबतीत मात्र ते अज्ञान लपविण्याचे साधन होईल. १:९६ म्हणजे बाराशतांश नव्हे, तर फुटास अष्टमांश इंच हे जुने प्रमाण घेतल्यास एक गुराब पठाणात २२ सेंटिमीटरांची आणि दुसरी २८ सेंटिमीटरांची होते. मग दोन कारागिरांकडून या दोन निरनिराळ्या गुराबा मुद्दाम करवून त्या शेजारी शेजारी ठेवणे हाच उत्तम मार्ग दिसतो. समूहाने काम करण्याचा खरा लाभ हाच, की एका माणसास एक पर्याय निवडावा लागतो, समूहास दोन्ही पर्याय प्रत्यक्षात पाहता येतात.

गलबतांच्या बाबतीत तर कारागिरीचा हा विचार मूळ साधनाचीच परीक्षा घेतो. ऑर्म सांगतो की गलबते गुराबेसारखीच बांधलेली, परंतु लहान असत. सर्वांत मोठे गलबत क्वचितच ७० टनांपलीकडे जाई. त्यास दोन डोलकाठ्या असून मागची अगदी किरकोळ असे. मुख्य डोलकाठीवर एकच अतिविशाल त्रिकोणी शीड असे आणि त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई. बहुतेक गलबतांवर फोडलेल्या बांबूंचे हलके तूतक व कडेस फिरत्या खुंट्यांवर बसविलेली जंबुरके असत; मोठ्यांवर पक्के तूतक व दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा. वल्ही चाळीस ते पन्नास. वाचताना यात काही खटकत नाही. परंतु आराखडा कागदावर घेताच अडचण उभी राहते. ७० टन आणि साडेतीनपट लांबी धरली तर पठाण सुमारे ५४ फुटांचा येतो. वल्हेकऱ्यास हात मागे-पुढे नेण्यास जागा हवी. प्राचीन ग्रीक युद्धनौकांतही दोन वल्ह्यांतील अंतर सुमारे तीन फूट असे. एका बाजूस वीस वल्ही म्हटली तरी साठ फूट, पंचवीस म्हटली तर पाऊणशे फूट जागा लागते. पुढे झुकलेल्या नाळेमुळे जहाजाची वरची लांबी पठाणाहून पुष्कळ अधिक असते हे खरे. पण निमुळत्या नाळेवर वल्हेकरी बसत नाहीत. पठाण रुंदीच्या पाचपट धरला, तर तो ६९ फूट व रुंदी १४ फुटांच्या आत येते, आणि चाळीस वल्ह्यांची सोय लागते. मग मात्र ते जहाज ‘गुराबेसारखे’ रुंद राहत नाही.

याचा अर्थ ऑर्मचे वर्णन खोटे असा नव्हे. तो स्वतः विजयदुर्गाच्या लढाईत नव्हता. दर्यावर्दी लोकांकडून ऐकलेल्या गोष्टी त्याने एका परिच्छेदात गोळा केल्या असाव्यात, आणि ‘गुराबेसारखे’ हा शब्द नाळेच्या घडणीपुरताच असावा, असे मानणे सयुक्तिक आहे. वल्ह्यांची संख्या ही मोजता येणारी गोष्ट. टनांचा आकडा मात्र दुरून केलेला अजमास. दोहोंत विरोध आला तर वल्ह्यांस प्रमाण मानावे आणि गलबत लांब व अरुंद करावे, असा कौल येथे द्यावासा वाटतो. ऑर्मचे शब्द आजवर पुष्कळदा उतरविले गेले आहेत. ते उतरविताना ही विसंगती जाणवण्याचे कारण नव्हते, कारण शब्दांना जागा लागत नाही.

चित्रांचा आधार घेताना सावधगिरी हवी. लंडनमध्ये काम करणाऱ्या डॉमिनिक सेरेस याने विजयदुर्गाच्या पाडावाचे चित्र रंगविले आहे. त्यातील इंग्रज जहाजांची दोरी न् दोरी पारखून घेता येते, पण आगीच्या धुरामागच्या जहाजांविषयी तो साक्षीदार नव्हे. आजच्या कोकणी होड्यांवरून मागे जाण्याची रीतही अशीच. नाळेचा झोक व शिडाची बांधणी यांत परंपरा टिकून राहिली असेल, परंतु मासेमारीची होडी आणि तोफा वाहणारी गुराब यांची अंगे एक असू शकत नाहीत. सर्वांत घातक मोह म्हणजे युरोपीय फ्रिगेट घेऊन तिच्यावर भगवे निशाण चढविण्याचा. शोभेच्या अनेक प्रतिकृती या रीतीने सिद्ध होतात, आणि त्यांत ज्या नाळेमुळे गुराब ही गुराब ठरते, तीच नाहीशी होते.

संख्येविषयीही एक इशारा देणे इष्ट आहे. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते हा जो आकडा ऑर्म देतो, तो मोठ्या जहाजांवर हल्ला करण्यास निघणाऱ्या आंगऱ्यांच्या आरमाराचा सर्वसाधारण आकडा होय. ती १२ फेब्रुवारीस जळालेल्या जहाजांची यादी नव्हे. वॉटसनच्या ‘केंट’ जहाजावरील शस्त्रवैद्य एडवर्ड आइव्ह्ज याचा वृत्तांत १७७३ साली छापला गेला. प्रसंगाच्या हानीसाठी त्याच्यासारख्या उपस्थित माणसाची साक्ष आधी घ्यावी. गोदीत बांधून होत असलेली जहाजेही या प्रसंगी नाश पावली. त्यांचे उघडे सांगाडे मांडणीत अवश्य असावेत. बांधणीची रीत त्यांवरच दाखविता येईल, आणि नवशिक्या हातांस ते काम देता येईल.

राहता राहिले ‘रेस्टोरेशन’. हे मूळचे कंपनीचे जहाज; आंगऱ्यांनी ते धरून आपल्या आरमारात घेतले होते. आग तेथूनच पसरली, म्हणून मांडणीत त्याचे स्थान मध्यवर्ती राहणार. त्याची प्रतिकृती करणाऱ्यास युरोपीय बांधणीचे नियम लागू करता येतील आणि समूहात त्याचेच काम सर्वांत सोपे ठरेल. अडचण येईल ती पाटी लिहिताना. जळालेल्या जहाजांपैकी इंग्रजी वृत्तांतांत ठळकपणे नावानिशी येते ते हेच एक, आणि ते नाव इंग्रजांनी ठेवलेले आहे. बाकीच्या पाट्यांवर ‘गुराब’, ‘गलबत’ एवढेच लिहावे लागेल.